टायरच्या कडेवरचा आकडा

१/
प्रत्येक टायरच्या कडेवर उठावाच्या अक्षरांत एक आकडा असतो. मारुती ८०० च्या टायरवर तो असतो १४५/७० आर १२. बहुतेक गाडीमालक तो कधीच वाचत नाहीत. साताऱ्याच्या एका निवृत्त गणित-शिक्षकांनीही चौदा वर्षे तो वाचला नव्हता. गाडी विकायची वेळ आली तेव्हा वाचला. त्या आकड्याचा इतिहास आणि त्या विक्रीची हकीकत या थ्रेडमध्ये.

२/
गाडी २००९ ची. तीन चाकांवर १४५/७० आर १२, मागच्या डाव्या चाकावर मात्र १४५/८० आर १२, म्हणजे अल्टोचे माप. तीन वर्षांपूर्वी भर पावसात खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी पुढच्या डाव्या टायरची कड दगडाने चिरली होती. स्टेपनी झिजून गुळगुळीत झालेली. जवळच्या दुकानात हवे ते माप नव्हते. “रिम बाराचीच आहे, बसतो,” दुकानदार म्हणाला. टायर बसला. सातारा गाठण्यापुरती सोय झाली.

३/
‘स्टेपनी’ हा शब्दही मुळात तात्पुरत्या सोयीचाच आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी टायर चढवलेली, आऱ्या नसलेली एक रिम तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने आवळून बसवायची आणि घर गाठायचे. त्यांच्या कारखान्याशी जोडलेल्या स्टेपनी स्ट्रीटचे नाव त्या वस्तूला मिळाले. ती वस्तू गेली, शब्द मात्र भारतात राहिला. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात.

४/
आता आकडा. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या शेकडा सत्तर. ‘आर’ म्हणजे रेडियल. या बांधणीचे पेटंट मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये घेतले. १२ म्हणजे रिमचा व्यास, पण इंचांत! एकाच ओळीत दोन मोजमापे नांदतात. मिशलँने १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये मोजणारी टीआरएक्स पद्धत आणून पाहिली. ती रुजली नाही. जगभरच्या रिमा इंचांत होत्या, त्या इंचांतच राहिल्या.

५/
आकडा समजल्यावर शिक्षकांनी जुन्या सवयीने वही काढली. मूळ टायरचा व्यास ५०७.८ मिमी, अल्टोच्या टायरचा ५३६.८ मिमी. फरक २९ मिमी. परीघातला फरक सुमारे ९१ मिमी. एका किलोमीटरला मूळ टायर सुमारे ६२७ फेरे घेतो, तर मोठा टायर ५९३. एकाच गाडीची दोन चाके एकच रस्ता वेगवेगळ्या फेऱ्यांत मोजत होती. ‘शेकडा सत्तर’ आणि ‘शेकडा ऐंशी’ यांतला फरक वर्गात आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या दारात हे गणित तीन वर्षे चुकीचे उभे होते.

६/
वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी इंजिनाची ताकद घेणाऱ्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२८ मध्ये वाफेवरच्या वाहनासाठी त्याचे पेटंट घेतले. मारुती ८०० ची ताकद पुढच्या चाकांना मिळते. तिथे एकीकडे मोठा टायर असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला विसावा नाही. शंभर किलोमीटरांमागे सुमारे ३,४०० फेऱ्यांचा फरक तो निमूटपणे सोसत राहतो.

७/
काही आठवड्यांत स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले. मेकॅनिकने मोठा टायर मागे टाकला, मागचा पुढे आणला. ओढ थांबली, आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरून चालले. मिटला नव्हता, दृष्टीआड झाला होता. गाडीचा मागचा डावा कोपरा दीड सेंटिमीटर वर उचललेला राहिला. शिवाय ब्रेकने चाकाला तेवढाच पीळ दिला, तरी मोठ्या चाकाकडून तो रस्त्यापर्यंत कमी जोराने पोहोचतो. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबेपर्यंत हा फरक जाणवत नाही.

८/
वेगळ्या मापांचे टायर म्हणजे चूकच, असे मात्र नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला सुरुवातीची कित्येक वर्षे पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंचांचे टायर कारखान्यातूनच येत. ती विचारपूर्वक केलेली रचना होती, आणि एका आसावरची दोन्ही चाके सारखीच असत. योजून ठेवलेला फरक आणि अडचणीत पत्करलेला फरक, दोन्ही दिसायला सारखेच. दुसऱ्या फरकाला जबाबदार कोणीच नसते, एवढेच काय ते वेगळे.

९/
विक्रीसाठी एजंट आला. बोनेट उघडले, काचा वरखाली केल्या, पत्रा ठोकून पाहिला. टायरांचा विषय शिक्षकांनीच काढला. एजंट हसला. “सर, मागच्या टायरचे नंबर कोण वाचतंय? काळं पॉलिश मारू, चारही नवे दिसतील. विकायच्या गाडीत पैसे घालायचे नसतात.” व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. त्या वयाच्या मारुतीला मिळणाऱ्या किमतीतून दोन टायरांचा खर्च वजा केला की पेन्शनीवर जगणाऱ्या घराला तो जाणवतोच.

१०/
या हसण्यावर अर्थशास्त्रात एक गाजलेला लेख आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा प्रत्येकच गाडीवर संशय घेतो आणि भाव पाडतो. त्या भावाला चांगली गाडी विकणे परवडत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, उरतात त्या खोडीच्या. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले.

११/
त्याच लेखात भारतीय गृहिणीही आहे. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे तिला निवडावे लागतात, असे अकरलॉफ लिहितात. ज्या घरात सूप आहे त्या घरात हे कळायला नोबेल लागत नाही. पॉलिश मारलेला टायर हा तसलाच खडा. फरक इतकाच, की तांदळातला खडा फार तर दाताखाली येतो.

१२/
शिक्षकांनी मागचे दोन्ही टायर बदलले. दोन्ही का, असे घरातून विचारले गेले. कारण एका आसावर एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवला तर माप कागदावर जुळते, प्रत्यक्षात जुळत नाही. मागच्या उजव्या टायरला अजून नक्षी होती, तो स्टेपनी झाला. दुकानात त्यांनी कडेवरचे शेवटचे चार अंकही वाचले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. अल्टोचा टायर दुकानदाराकडे सोडून ते निघाले.

१३/
गाडी घेणारी मुलगी कोरेगावकडची, रुग्णालयात परिचारिका. रात्रपाळी संपवून पहाटे एकटीने घरी जायचे म्हणून तिला गाडी हवी होती. लायसन्स नवे. तिने बोनेट उघडले नाही, पत्रा ठोकला नाही, टायरांकडे तर पाहिलेही नाही. “सर, मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते खरं,” एवढेच म्हणाली. नंबर कोणी वाचत नाही, हे एजंटाचे म्हणणे अगदी खरे ठरले. पण जो वाचत नाही, त्याला तो आकडा दुसऱ्या कोणीतरी आधी वाचलेला असावा लागतो.

१४/
फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. टायरांचे बिल आरसीबरोबर तिच्या हातात दिल्यावर शिक्षकांनी तिला मागच्या डाव्या चाकापाशी नेले. तिथे तीन वर्षे काय होते आणि का होते, ते सगळे सांगितले. मग कडेवरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. तिने वाचला: एकशे पंचेचाळीस, सत्तर, बारा. “कुठेही टायर फाटला, तरी हाच आकडा मागायचा. ‘बसतो’ म्हणाले म्हणून दुसरा घेतलाच, तर तो फक्त घरी पोहोचण्यापुरता.” तिने आकडा फोनमध्ये लिहून घेतला आणि गाडी सुरू केली. (समाप्त)