बैठकीतली जादू आणि रस्त्यावरची शाळा

दिवाळीच्या फराळाची ताटे फिरून झाली आहेत. पुरुषमंडळींच्या राजकारणाच्या गप्पा दुसऱ्यांदा त्याच मुक्कामाला आल्या आहेत. मुलांची भुणभुण सुरू झाली आहे, आणि जेवणाला अजून तासभर तरी अवकाश आहे. अशा वेळी घरच्या बाईने काय करावे? गाण्याच्या भेंड्या नेहमीच्याच. पत्ते मांडले तर चौघे खेळतात आणि बाकीचे जांभया देतात. आपल्याला एखादी जादू येत असती तर काय बहार झाली असती, असे तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटून गेले असेल.

येऊ शकते, भगिनींनो. फक्त ती कुणाकडून उचलायची हे ठाऊक हवे.

जादू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जादूगार रघुवीर यांच्यासारखे रंगमंचावरचे कलावंत येतात. पण रंगमंचाला मखमली पडदा असतो, दिव्यांची सोय असते, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक एकाच बाजूला, दूर बसलेले असतात. तुमच्या बैठकीत काय असते? सासूबाई सोफ्यावर, भावोजी दारात, आणि नणंदेचा धाकटा नेमका तुमच्या पाठीमागे उभा! चारी बाजूंनी डोळे, तेही हातभर अंतरावर. अगदी अशाच अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या खेळ करत आला आहे तो रस्त्यावरचा मदारी. म्हणून घरातल्या करमणुकीसाठी धडे घ्यायचे ते त्याच्याकडून.

शादीपूरची वस्ती

या लोकांचे एक गावच दिल्लीत होते. पश्चिम दिल्लीत शादीपूर डेपोजवळ राजस्थानातून आलेल्या कठपुतळीवाल्या भाटांनी पाले ठोकली. मागोमाग जादूगार, डोंबारी, ढोलवाले, बहुरूपी असे देशाच्या नाना भागांतले कलावंत आले आणि वस्तीला नाव पडले ‘कठपुतली कॉलनी’. बोळ इतके अरुंद, की समोरून कुणी आले तर अंग चोरावे लागे. उघडी गटारे, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे. पण भिंतीला टेकून उभे असत ते पुरुषभर उंचीचे बाहुले, बांबूचे पाय आणि ढोल. इथली मुले अक्षर गिरवण्याआधी हातचलाखी गिरवत.

टोपलीत पोराला बसवून ती तलवारीने भोसकायची आणि पोर हसत बाहेर काढायचे, रिकाम्या मातीतून आंब्याचे रोप उगवायचे, हे इथले घरचे खेळ. ज्या दोरीच्या जादूची जगभर चर्चा झाली, तिची प्रसिद्ध कहाणी 1890 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने रचून छापली होती. ती थाप होती हे त्या पत्राने पुढे कबूलही केले. पण याच वस्तीतल्या इशामुद्दीन खान यांनी 1995 साली दिल्लीत कुतुबमिनारजवळ उघड्यावर दोरी उभी करून दाखवली आणि पोराला तीवर चढवले.

मदाऱ्याचे तीन धडे

त्याचा खेळ नीट पाहिला तर ध्यानात येते, की हातचलाखी हा त्यातला लहानसा भाग आहे.

पहिली गोष्ट जागेची. डमरू वाजवून तो माणसे जमवतो आणि त्यांना गोल उभे करतो. मुलांना पुढे बसवतो, कारण मुले हसली की मोठी माणसे थांबतात. तुम्हीही आधी सतरंजी घालून मुले पुढे बसवा आणि पाठ भिंतीला लागेल अशी जागा धरा. मदाऱ्याला भिंत मिळत नाही. तुम्हाला आहे, तर तिचा फायदा का सोडावा?

दुसरी गोष्ट बोलण्याची. सोबतचा पोरगा म्हणजे जमूरा, आणि त्या दोघांची सवाल-जबाबासारखी बडबड हा खेळाचा प्राण. लोक त्याच्या तोंडाकडे पाहतात तोवर हाताचे काम उरकते. तुम्हाला जमूरा घरातच मिळेल. एखाद्या चुणचुणीत भाच्याला धरा. ‘सांग बाळा, मावशीच्या मुठीत काय?’ ‘काकांचा पगार!’ एवढ्यानेसुद्धा बैठक हसते.

तिसरी गोष्ट वेळेची. उत्कंठा शिगेला पोचली की मदारी थांबतो आणि मग चादर पसरतो. आपल्याला चादर पसरायची नाही, पण थांबायला मात्र शिकायचे. दोन खेळ झाले की पुरे. ‘अजून एक, अजून एक’ असा गलका चालू असतानाच ‘पाने घेतली आहेत हं’ म्हणून उठावे.

पेल्यांचा खेळ

वाट्या-गोळ्यांची जादू फार जुनी. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने दोन हजार वर्षांपूर्वी तिचा उल्लेख केला आहे. केरळात तिला ‘चेप्पुम पंदुम’ म्हणतात. आपल्याकडचा जादूगार ती जमिनीवर मांडी घालून करतो. त्याच्या वाटीला वर बोंडी असते, आणि ती बोटांत धरून वाटी उचलताना गोळी कुठल्या कुठे जाते. ते कसब वर्षांच्या मेहनतीचे. घरी करायचा प्रकार सोपा आहे.

एकात एक बसणारे तीन स्टीलचे पेले घ्या. एकात एक घातल्यावर बुडांमध्ये सुपारीएवढी फट राहिली पाहिजे. जुन्या लोकरीच्या किंवा चिंधीच्या चार मऊ गोळ्या करा. मऊ अशासाठी, की आवाज होऊ नये. प्रेक्षकांना गोळ्या दिसतात तीन. चौथी आधीच मधल्या पेल्यात लपलेली असते.

तिन्ही पेले एकात एक धरून खालून एकेक काढा आणि चटकन सतरंजीवर पालथे घाला. मधला पेला मध्यभागी. झटका नीट असला की आतली गोळी पेल्याबरोबरच खाली जाते, कुणाला दिसत नाही. आता उघड्या गोळ्यांपैकी एक मधल्या पेल्याच्या बुडावर ठेवा. तिच्यावर बाकीचे दोन पेले पालथे घाला. जमूऱ्याला टिचकी मारायला सांगा. तिन्ही पेले एकदम उचला, की गोळी पेल्यातून आरपार खाली उतरलेली!

आता गंमत पाहा. वर ठेवलेली गोळी आपोआप मधल्या पेल्यात जाऊन बसली आहे. म्हणजे पुढच्या फेरीची तयारी झालीच. पेले पुन्हा तसेच मांडा, मधला मात्र सतरंजीवरच्या गोळीवर पालथा घाला. दुसऱ्या फेरीत दोन गोळ्या निघतील, तिसरीत तीन. तिथे थांबा आणि पेले सरळ स्वयंपाकघरात पाठवा, कारण चौथी गोळी अजून आत आहे!

आठवडाभर रोज दहा मिनिटे आरशासमोर सराव करा. पेला हळू फिरवलात तर गोळी घरंगळते. घाईने आपटलात तर संशय येतो.

पाण्यातली कोरडी वाळू

हाही रस्त्यावरचा जुना खेळ. बारीक वाळू चाळून, दोन-तीन पाण्यांत धुऊन खडखडीत वाळवा. जुन्या, टाकाऊ तव्यात मंद आचेवर गरम करा. वाटीभर वाळूला वाटाण्याएवढे मेणबत्तीचे मेण घाला आणि ते पूर्ण विरघळून प्रत्येक कणाला लागेपर्यंत हलवत राहा. मेण पेट घेते, म्हणून आच वाढवू नका, मुलांना दूर ठेवा आणि तवा सोडून जाऊ नका. वाळू गार झाली की डब्यात भरा. मेणामुळे कणांना पाणी धरत नाही.

खेळाच्या वेळी खोलगट भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडी शाई टाका, म्हणजे तळ दिसणार नाही. मूठभर वाळू पाण्याखाली नेऊन घट्ट दाबा आणि ढेकूळ तळाशी ठेवा. रिकामा ओला हात सर्वांना दाखवा. मग तेच ढेकूळ मुठीत उचलून बाहेर आणा आणि बोटांतून भुरभुर सोडा. वाळू कोरडी! मेण कमी-जास्त झाले तर ढेकूळ फुटते, म्हणून आदल्या दिवशी एकदा करून पाहाच.

शाळेची फी

आता थोडे मनाला लागणारे. ज्यांच्याकडून ही विद्या आली त्यांचे काय झाले? मुंबई राज्याचा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा दिल्लीलाही लागू केला गेला. गाऊन, नाचून, खेळ करून रस्त्यावर पैसे मागणे ही त्या कायद्याच्या लेखी भीकच. 1985 साली अमेरिकेतल्या भारत महोत्सवात, वॉशिंग्टनच्या ‘अदिती’ प्रदर्शनात, शादीपूरच्या कलावंतांना देशाचे प्रतिनिधी म्हणून नेले. तिथे टाळ्या पडल्या. आणि घरी परतल्यावर त्याच खेळासाठी पोलिसाचा दंडुका होताच. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. पण त्याआधीच, 2017 च्या ऑक्टोबरअखेर, पुनर्विकासासाठी कठपुतली कॉलनीवर बुलडोझर फिरू लागले होते. पुष्कळ कुटुंबे आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरात गेली. पत्र्याच्या खोलीत उंच बाहुले कुठे ठेवणार, आणि टोपलीचा सराव कुठल्या अंगणात करणार?

म्हणून एवढे करा. रस्त्यात खेळ दिसला तर अर्ध्यावर पाठ फिरवू नका. पाहिलात तर पैसे टाका. ‘कसं केलंस, सांग ना’ म्हणून भर गर्दीत पिच्छा पुरवू नका. ते गुपित म्हणजे त्याची शेती आहे. वाढदिवसाला, मुंजीला, सोसायटीच्या संमेलनाला केकची नि मांडवाची रक्कम ठरवता, तशी एका कलावंताची बिदागीही आधी ठरवा. घासाघीस करू नका, आणि खेळ झाल्यावर त्याला पंगतीत बसवा, मागच्या दाराशी नाही. आणि तुमच्या पेल्यांच्या खेळाला टाळ्या पडल्या की मुलांना जरूर सांगा, ‘हे मी मदाऱ्याकडून शिकले बरं का.’