पुसलेल्या फिती आणि उरलेली मालिका

अभिजात कृती पुन्हा पुन्हा अनुभवावीशी वाटते, असे आपण म्हणतो. दूरदर्शन मालिकांना हा निकष लावायचा, तर मुळात त्या पुन्हा पाहायला मिळाल्या पाहिजेत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा ध्वनिचित्रफीत महाग होती. जुना कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची रीत होती. बीबीसीनेही तेच केले. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे नाहीसे झाले. मात्र काही प्रेक्षकांनी त्यांचा आवाज घरच्या घरी मुद्रित करून ठेवला होता. पुढे त्यावर रेखाटलेली चित्रे बसवून काही हरवलेले भाग डीव्हीडीवर आले. चिमणरावाला हे भाग्य लाभले नाही. त्याचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. वर्गात चिं. वि. शिकवताना आम्ही पुस्तक दाखवतो आणि प्रभावळकरांचे केवळ वर्णन करतो.

आम्ही दोघेही पालघरला मराठी शिकवतो. आमची पिढी ‘भारत एक खोज’ची: १९८८ साली सुरू झालेली, श्याम बेनेगलांची ५३ भागांची मालिका. आमच्यापैकी एकाचे वडील तेव्हा तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करीत. रविवारी पाळी आली, की भाग चुकायचा. नसीरुद्दीन शाहांचा शिवाजी असाच चुकला. तो त्यांनी कँटीनमध्ये, सहकाऱ्यांच्या तोंडून ‘पाहिला’.

पुढे या मालिकेच्या डीव्हीडी निघाल्या, तेव्हा आम्ही संच घेतला. तोवर काचबिंदूने दादांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ते ऐकत बसले; पडद्यावर काय चालले आहे ते आम्ही सांगत होतो. भाग संपला तसे ते म्हणाले, ‘‘मधला एक प्रसंग कापलाय.’’ तो त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितला. आम्ही तबकडी मागे नेऊन पाहिली. तसा प्रसंग त्यात नव्हता, आणि कापल्याची खूणही नव्हती. तो बहुधा कँटीनमध्येच रचला गेला असावा. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘पुन्हा लाव.’’

समीक्षेची सुरुवात इथून होते, असे आम्हाला वाटते. मूळ कृती हाताशी असेल, तर आठवणीची कल्पकता तिच्याशेजारी ठेवून पाहता येते, आणि मग दोहोंचेही मोल कळते. चिमणरावाच्या बाबतीत मात्र आपल्यापाशी कँटीनमधल्या आवृत्त्याच आहेत. त्या कितीही रसाळ असल्या, तरी ‘पुन्हा लाव’ म्हणण्याची सोय नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. ‘भारत एक खोज’ यूट्यूबवर आले. डीव्हीडीचा आमचा संच आता लावायला यंत्र उरलेले नाही. पण तो आम्ही टाकलेला नाही. माध्यमे बदलतच राहणार. जपलेली प्रत असेल, तर ती नव्या माध्यमात उतरवता येते. पुसलेली फीत कोणत्याच माध्यमात उतरत नाही.