दोन यंत्रांचा अबोला

गेल्या हिवाळ्यांत एके सायंकाळीं आमचा एक माजी विद्यार्थी घरीं आला. तो येथें सोलापुरांतच अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे. त्याच्या वडिलांची हयात यंत्रमागावर गेली. त्याच्या चमूनें शर्यतीची एक लहान मोटार बांधली होती व ती कोइमतूरजवळील कारी मोटर स्पीडवे येथें, फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेस न्यावयाची होती. परंतु गाडींतील दोन यंत्रें एकमेकांशीं बोलेनात. आणि तारा यानेंच जोडल्या असल्यामुळें सोबतीही याच्याशीं बोलेनात.

आम्ही विज्ञान शिकवितों, म्हणून तो सल्ल्यास आला होता. आम्हीं मात्र त्याचें सर्व ऐकून न घेतांच म्हटलें, "अरे, घाईंत एखादी तार सैल ठेवली असशील." त्यानें उत्तर दिलें नाहीं, मान खालीं घातली व निघून गेला. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं.

दुसरे दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही आपण होऊन त्यांच्या कार्यशाळेंत गेलों व मुलांस म्हणालों, "आज दोष कोणाचा हें विचारावयाचें नाहीं; दोष कोठें, एवढेंच विचारूं."

इंजिनाचा संगणक इंधन किती द्यावें व ठिणगी केव्हां पाडावी हें ठरवितो. डेटा लॉगर त्याचे आंकडे टिपून ठेवतो. दोघांमधील संदेश एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोन तारांवरून जातात. या पद्धतीस 'कॅन' म्हणतात. जर्मनींतील बॉश कंपनीनें ती १९८६ सालीं जगापुढें मांडली व १९९३ सालीं तिचें आंतरराष्ट्रीय मानक झालें.

प्रथम वीज पाहिली. ती पोंचत होती. नंतर प्रत्येक तार टोंकापासून टोंकापर्यंत मीटरनें तपासली. एकही तुटलेली वा सैल नव्हती! आमचा तर्क तेथेंच खोटा ठरला.

मग वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजला. संदेश टोंकावर आदळून प्रतिध्वनीसारखा परत फिरूं नये, म्हणून वाटेच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध लावतात. दोन्ही समांतर असल्यामुळें मीटरनें ६० दाखवावयास हवे. त्यानें ४० दाखविले. वरच्या वर्गांतील मुलांनीं गणित करून पाहावें: १२० चे तीन रोध समांतर असतील तरच ४० येतात. मुलांनीं नियमाप्रमाणें दोन लावले होते; तिसरा लॉगरच्या पेटींतच होता. जादा रोध काढतांच ६० आले. तरीही यंत्रें मुकींच!

तेव्हां दोन्ही यंत्रांच्या माहितीपुस्तिका शेजारीं ठेवून वाचल्या. संगणक सेकंदास १० लाख बिट पाठवीत होता, आणि लॉगर ५ लाखांच्या गतीनें ऐकावयास बसला होता! ही मांडणी चमूच्या पुढाऱ्यानें केली होती. तो ओशाळला, पण कोणी कांहीं बोललें नाहीं. गति जुळविली, इंजिन सुरू केलें, आणि पडद्यावर आंकडे धांवूं लागले.

मात्र पाण्याचें तपमान दिसलें २३,०४० अंश! सारे हंसले. खरा आंकडा दोन भागांत येत होता, पहिला शून्य व दुसरा ९०; लॉगर त्यांचा क्रम उलटा लावी, म्हणजे ९० गुणिले २५६. क्रम सुधारतांच ९० अंश दिसले. पुढाऱ्यानें आमच्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवला व म्हणाला, "तुझ्या तारा ठीक होत्या रे."

आम्हींही सर्वांसमक्ष म्हटलें, "बाळ, आमचें चुकलें." तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही आलांत ना!"

पालकहो, घरांत मूल गप्प झालें कीं आपण प्रथम त्याच्यांतच दोष शोधतों. तार अखंड असते. आपलीच ऐकण्याची गति निराळी असते. आम्हांस वीस वर्षें वर्गांत उभें राहूनही हें एका मुलाच्या खालीं गेलेल्या मानेनें शिकविलें.