हात लावलेला उंट

बुद्धिबळात एक साधा नियम आहे. आपली चाल असताना ज्या मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला, तो हलवता येत असेल तर हलवावाच लागतो. मोहरा नुसता नीट ठेवायचा असेल, तर आधी तसं सांगावं लागतं. घरी हे कुणी पाळत नाही. स्पर्धेत पाळावंच लागतं.

आमची लेक अकरा वर्षांची. तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत तिच्यासमोर एक निवृत्त गुरुजी होते. दोघेही हौशी. आम्ही दोघं दोरीच्या अलीकडे उभे. लेक एका घोड्याने पुढे होती. तिने उंट धरला आणि थबकली. तो उंट गुरुजींचा हत्ती आणि तिचा वजीर यांच्या मधोमध होता. हलवला की वजीर जाणार. गुरुजी मान खाली घालून आपली चाल लिहीत होते. पंच दुसऱ्या टेबलापाशी. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, म्हणून आम्ही गप्प.

तिने उंट हलवला. वजीर गेला, मागोमाग डावही गेला.

घरी हकीकत ऐकून धाकट्याने विचारलं, "आपा, कुणी बघितलंच नव्हतं, मग?"

"हात माझाच होता ना," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

इमानदारीवर आम्ही मुलांना पुष्कळ सांगितलं असेल, पण धाकटा इतका शांतपणे ऐकताना पहिल्यांदाच दिसला. आता घरच्या पटावरही हाच नियम आहे. दादीलासुद्धा चाल परत घेता येत नाही, आणि त्यावरून रोज भांडण होतं.