पुतळा आतून पोकळ असतो का?



शाळेची सहल अमरावतीला गेली होती. चौकातल्या पुतळ्यापाशी थांबलो, तेव्हा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, हा पुतया अंदरून भरेल असते का पोकय?" बाकीची पोरं हसली. पण प्रश्न पक्का होता. त्या एका प्रश्नावर मी पुढे तीन तास घेतले, ते इथं थोडक्यात सांगतो.

पहिलं उत्तर: ब्राँझचा मोठा पुतळा बहुतेक पोकळच असतो. भरीव केला तर वजन आणि खर्च वाढतोच, शिवाय जाड धातू बाहेरून आधी आणि आतून उशिरा थंड होतो, आकसतो, त्याला तडे जातात. म्हणून धातूची भिंत काही मिलिमीटरचीच ठेवतात. मोठे पुतळे तुकड्यांत ओतून मग जोडतात. म्हणूनच शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी अखंड ओतलेला, १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा आजही नवलाचा वाटतो.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. तळपाय घासायची आजीची काशाची वाटी त्यांचीच, फक्त तिच्यात कथील जास्त. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. शंभरात दहा भाग कथील मिसळलं की मिश्रण हजार अंशांच्या आसपास पातळ होतं, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा कडक होतं.

आता ओतकाम. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, वाळवायचे, मग तापवायचं. मेण वितळून बाहेर येतं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओततात. पोकळ मूर्ती हवी असेल तर मेणाच्या आत मातीचा गाभा ठेवतात. ही रीत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात दिली आहे. मेण आधी तोलून त्यावरून धातू किती लागेल ते काढायचं, हेही त्यात आहे. इथं गणिताचा तास आपोआप झाला: मेण पाण्यापेक्षा थोडं हलकं, ब्राँझ पाण्याच्या पावणेनऊ पट जड. मग १०० ग्रॅम मेणाच्या मूर्तीला धातू किती? पोरांनी उत्तर काढलं, साधारण ९०० ग्रॅम.

वर्गात आम्ही मेणबत्तीच्या मेणाचा छोटा गणपती केला. त्यावर शाडू लिंपला, एक भोक ओतायला आणि एक हवा निघायला ठेवलं. दोन दिवसांनी साचा शेगडीच्या धगीवर मी स्वतः धरला. मेण टपटप गळालं तशी एक पोरगी ओरडली, "सर, गणपती गेला!" धातूऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं आणि साचा फोडून मूर्ती काढली. मेणही गेलं, साचाही गेला. तशी मूर्ती पुन्हा होणे नाही, हे सांगावं लागलं नाही.

आपल्या अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं राजनापूर खिनखिनी पोरांना नकाशावर दाखवलं. तिथल्या जमिनीतून जैन तीर्थंकरांच्या प्राचीन ब्राँझ मूर्ती निघाल्या. आज त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहेत. दगडाची मूर्ती फुटली तरी तुकडे उरतात. धातूची मूर्ती वितळवली की काहीच उरत नाही. जमिनीत दडलेल्या राहिल्या म्हणून या वाचल्या.

पालकांना एवढंच सांगणं आहे. घरातले जुने देव, समया, घंटा भांड्याच्या दुकानात मोडीत देण्याआधी पोरांकडून त्यांचा फोटो काढून घ्या, आजीला विचारून दोन ओळी लिहायला लावा. आणि वखरताना, विहीर खोदताना जुनी मूर्ती लागली तर घासूपुसू नका, विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली अशी मौल्यवान वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसील कार्यालयात चौकशी केली तर पुढचा रस्ता कळतो.

शिक्षकांनी पुढच्या सहलीत अजब बंगला जरूर घ्यावा. जाण्याआधी मेणाचा प्रयोग वर्गात करून जा, म्हणजे काचेआडच्या मूर्तीपुढे पोरं जास्त वेळ थांबतील.