चालत्या माणसाला पाणी

दुसरबीड हे वाटेवरचं गाव. नागपूरकडून येणारा जुना रस्ता मेहकर, सुलतानपूर, बीबी अशी गावं घेत आमच्या स्टँडवर येतो आणि राहेरीच्या पुलावरून खडकपूर्णा ओलांडून सिंदखेड राजा, जालना असा निघून जातो. या रस्त्यानं माणसं येत राहिली आणि जात राहिली. कुणी लोणारचं सरोवर पाहायला निघालेलं, कुणी सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकायला, कुणी शेगावला. आमच्याकडं त्यांचा मुक्काम चहापुरता. जिजामाता सहकारी साखर कारखाना चालू होता तोवर लोक कामाधंद्यासाठी तरी मुद्दाम दुसरबीडला यायचे. कारखाना बंद पडला आणि तेही थांबलं. अशा गावात वाढणाऱ्या पोरीला जग आपल्या दारावरून जातंय हे फार लवकर कळतं. त्यात आपण कधी उतरायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते पालखीनं सांगितलं.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. जाताना ती अकोला, परभणी, परळी, सोलापूर अशी जाते. आषाढी करून परतताना बीड, जालना मागं टाकून सिंदखेड राजाला विदर्भात पाऊल ठेवते, आणि मग आमच्या रस्त्यानं बीबी, लोणार, मेहकर करत खामगावमार्गे घरी. सातशेच्या आसपास वारकरी, पांढरे कपडे, हातात टाळ, खांद्यावर पताका. एवढं अंतर तुडवून आलेली माणसं, पण रांग मोडत नाही. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराला काहीतरी काम असतं. कुणी चहाची पातेली चढवतं, कुणी केळी आणतं. आम्हा पोरींकडं पाणी.

मी आधी रस्त्याच्या कडेला कळशी घेऊन उभी राहायचे आणि पेला पुढं करायचे. वारकरी हसून नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. पाणी तसंच राहायचं. आमच्या घरातल्या मोठी आईनं ते पाहिलं. म्हणाली, “त्यायला थांबवू नको. तू चाल त्यायच्या संगं.” तिनंच दाखवलं. रांगेच्या बाजूनं, त्यांच्याच पावलांनी चालायचं. दोन्ही हातांत टाळ असतो, म्हणून अभंगाचं चरण संपायची वाट पाहायची. टाळ क्षणभर एका हातात आला की पेला द्यायचा. वारकरी चालता चालता वरून पाणी पितो, आणि पेला परत मिळेपर्यंत आपणही चालत राहायचं. मग मागं धावत यायचं, पेला भरायचा, पुन्हा नवी चाल पकडायची. प्रत्येकाची चाल वेगळी असते. म्हातारे आजोबा पाय ओढतात पण खंड पडू देत नाहीत. तरुण पोरं ठेक्यावर उडी घेतात. अंगठ्याला चिंधी बांधलेल्या एका माउलीसोबत चालताना माझाही पाय नकळत जपून पडायला लागला होता.

पुढं आयुष्यात जे काही शिकले त्याची मुळाक्षरं तिथली आहेत. दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं तर आधी त्याची चाल ओळखावी लागते, आणि काही पावलं तरी त्या चालीनं चालावं लागतं.

एका वर्षी असं पेल्यामागं पेला करत गाव मागं पडलं. मोठी आई सोबत होती. “आता चाललोच तर चल,” म्हणाली, आणि आम्ही बीबीपर्यंत गेलो. त्या रस्त्यानं मी एसटीनं कितीदा तरी गेले होते, पण खिडकीतून दिसलेली नुसती हिरवी पट्टी होती. पायी चालले तेव्हा त्या पट्टीतलं सोयाबीन आणि सोयाबीनच्या ओळींमधली तूर वेगळी झाली. एका बांधावर विहीर होती, तिच्या काठी बैल सोडून उभा असलेला शेतकरी पालखीला हात जोडत होता. त्याच्या मळ्यातला ओल्या मातीचा वास मी बीबीपर्यंत नेला. प्रवासाची माझी पहिली आठवण हीच आहे. लोणारचं सरोवर मी त्यानंतर पाहिलं.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दत्तक गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा गाभा. दादांनी (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) स्वच्छ नकार दिला. पोरीनं सात रात्री परगावी राहायचं हे त्यांच्या डोक्यात बसेना. मोठी आईच मध्ये पडली. “बीबीलोक पायी गेली तवा भेलो नाही आपण, आता शाळेच्या खोलीत दहा पोरींसंगं झोपली तं काय होते?” दादा काही बोलले नाहीत. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत टॉर्च घातला.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. १९०५ मध्ये बाबांनी घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्र पायाखाली घातला. नव्या गावात शिरले की हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन, आणि मग पुढचं गाव. मला यातली एक गोष्ट शिबिरात कळली. आपण नवीन ठिकाणी गेलो की देऊळ पाहतो, किल्ला पाहतो, तळं पाहतो. बाबा उकिरड्याकडून गावात शिरायचे. जिथं गाव दुसऱ्याला नेऊ इच्छित नाही तिथं ते आधी जायचे, म्हणून संध्याकाळी कीर्तनाला बसलेल्या माणसांशी ते घरच्यासारखं बोलू शकायचे.

आम्हीही खराटे घेतले, नाल्या काढल्या, शोषखड्डे खणले. तिसऱ्या दिवशी एका घरासमोरची नाली उपसत होतो तर आतून बाई आली. तिचा स्वर तिखट होता. “सात दिवसानं तुमी जासान. मंग ही नाली कोण काढंल?” आम्ही सगळ्या फावडी धरून उभ्या. कुणाकडं उत्तर नव्हतं. रात्री शाळेच्या खोलीत मला झोप आली नाही. ती चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारावा असं मला वाटतं. त्या रात्री मी फार अस्वस्थ होते, पण आज मी जे काम करते त्याची दिशा त्या बाईनं ठरवली.

तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला २०१८ च्या उन्हाळ्यात घाटाखाली मिळालं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मधून अजिंठ्याची रांग जाते. आम्ही घाटावरचे. राजूरचा घाट उतरलं की मोताळा, आणि तिथून बोली बदलते, भाकरी बदलते, ऊन तर बदलतंच. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती, ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. गावकऱ्यांनी आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग स्वतःच्या शिवारात श्रमदान करायचं. बाहेरच्यांनी १ मे ला महाश्रमदानाला हात लावायला यायचं. म्हणजे काम गावाचं, आम्ही त्यांच्या चालीत मिसळायचं. नालीवाल्या बाईला हे पटलं असतं.

मोताळा तालुक्यातल्या एका गावात आम्ही दिवस उजाडायच्या आत पोहोचलो. माळावर माणसंच माणसं. चुन्याच्या रेघा आखलेल्या. एक पोरगा हायड्रोमार्कर दाखवत होता. दोन काठ्या, दोन्हींना जोडलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी आली की त्या दोन जागा एका उंचीवर. तिथं खूण करायची, पुढची काठी हलवायची. अशा खुणा जोडल्या की सलग समतल चराची रेघ तयार होते. रेघ जरा चुकली तर पावसाचं पाणी चरात थांबत नाही, एका टोकाला धावतं आणि चरच फोडून जातं. सातवी-आठवीतला तो पोरगा, पण मास्तरसारखा समजावत होता, आणि आम्ही शिकल्यासवरल्या बाया खाली बसून पाहत होतो.

माझ्या शेजारी सत्तरीची एक आजी खणत होती. मी जोरात सुरुवात केली. मुरूम कडक, टिकाव उसळून परत यायचा. सूर्य वर येईतो माझ्या तळहाताला फोड आले आणि दम संपला. आजीचा टिकाव मात्र त्याच लयीत पडत होता, ना जोरात ना हळू. तिनं माझ्याकडं पाहिलं. “घाटावरची ना तू? खांद्यानं नको मारू माय. टिकावाचा भार टिकावालेच पडू दे.” मग मी तिच्यासोबत खणायला लागले. तिचा टिकाव वर, माझा वर. तिचा खाली, माझा खाली. दुपारी झाडाखाली तिनं ठेच्यासोबत कळण्याची भाकर हातावर ठेवली आणि तिचं रान कुठवर आहे, विहीर कधी आटते, सून पाण्याला किती लांब जाते, हे सगळं सांगितलं. पाहुणी म्हणून गेले असते तर चहा मिळाला असता. हे मिळालं नसतं.

त्या वर्षी राज्यात पहिला नंबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला, आणि दुसरा माणमधल्याच भांडवलीला आणि मोताळ्याच्या सिंदखेडला विभागून. आमच्या जिल्ह्याला केवढा आनंद झाला! आणि मग पावसानंच पाठ फिरवली. ऑक्टोबर संपता संपता सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. दिवाळीत मी आजीच्या नातवाच्या फोनवर फोन लावला तेव्हा मन धास्तावलेलं होतं. एवढ्या लोकांचे हात सोलवटले, आणि चर कोरडे. ती म्हणाली, “कोरडाच हाये. पर ढासळला नाही. येईल तवा थांबन पाणी.” मला धीर द्यायला ती बोलत नव्हती. तिच्या हिशेबात काम आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पहिली तिनं पार पाडली होती. मी कितीतरी पुस्तकांतून जे शोधत होते ते मला त्या फोनवर मिळालं. पुढच्या वर्षी पाऊस उशिरा आला पण आला, आणि आजीनं आपणहून फोन करून चर भरल्याचं सांगितलं.

वाटेवरच्या गावाला अपघातही ठाऊक असतात. २० ऑगस्ट २०२१ ला तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया घेऊन निघालेला टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. पोटासाठी परराज्यातून आलेली माणसं. महामार्ग सुरू झाल्यावर, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली. २५ प्रवासी गेले. आमच्या भागात त्या दोन तारखा कुणाला सांगाव्या लागत नाहीत.

मी जिथं होते तो अपघात यांच्यापुढं लहान होता, पेपरात आला नाही. सोयाबीनच्या सोंगणीला निघालेल्या बायांचा टेम्पो संध्याकाळी रस्त्याखाली गेला. गावातली पोरं आधी पोहोचली, कुणी गाड्या थांबवल्या, कुणी १०८ ला फोन केला. मलाही धावपळ करायची होती. पण एका बाईनं माझं मनगट धरलं. तिचा पाय अडकला होता. मी उठायला लागले की तिची पकड घट्ट व्हायची. मला वाटत होतं, इथं बसून मी काय करतेय, पाणी आणावं, दोर आणावा. मग माझ्या लक्षात आलं की तिला माझ्याकडून एवढंच हवंय. मी बसले. तिच्या लेकरांची नावं विचारली. ती एकेक सांगत गेली, मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि पोरांनी पत्रा वाकवून पाय मोकळा करेपर्यंत ती बोलत राहिली. धावण्यापेक्षा ते बसणं मला फार जड गेलं. भीतीनं माझे गुडघे कापत होते. पण त्यानंतर मी पूर्वीइतकी घाबरट राहिले नाही.

आता मी स्वतः कॉलेजात शिकवते आणि शिबिराची जबाबदारी माझ्याकडं असते. पोरा-पोरींना मी हिवरा आश्रमाला नेते. मेहकर तालुक्यातला हा विवेकानंद आश्रम शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये उभा केला. विवेकानंद जयंतीला तिथं लाखावर लोक शेतात ओळीनं जेवायला बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून ओळींमध्ये फिरते. वाढणाऱ्यानं ट्रॉलीचा वेग आणि बसलेल्याचा हात दोन्ही सांभाळायचे असतात. पहिल्या फेरीत माझ्या पोरी गोंधळतात, पुरी ताटाबाहेर पडते. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्या नजरेत बदल दिसतो. त्या आधी ताटाकडं पाहायच्या, आता जेवणाऱ्याकडं पाहतात. मला ते दरवर्षी पाहायचं असतं.

यंदाचं शिबिर घाटाखाली न्यायचं आहे. वर्गातली एक मुलगी, फार हुशार, गावाबाहेर कधी राहिलेली नाही. काल तिच्या घरी जाऊन आले. वडिलांनी चहा पाजला, कापसाचा भाव, पोरांचं शिक्षण, सगळं मोकळेपणानं बोलले, आणि शिबिराचा विषय आला की बाहेर बघायला लागले. मी रेटलं नाही. निघताना ओसरीवर तिची आजी तूर निवडत बसली होती. कोणतं गाव, कुठं झोपणार, सोबत बाया किती, हे तिनं बारकाईनं विचारलं. उद्या पुन्हा जाणार आहे. आधी तिच्यापाशी बसेन, तूर निवडू लागेन.