दुबार पेरणीचा दावेदार

रॉबिन सोडरलिंग यांस,


हे पत्र आदिलाबादहून लिहितो आहे. तेलंगणाच्या उत्तर टोकाला आमचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागतं. घरात मराठी, दुकानात तेलुगू, आठवडी बाजारात गोंडी, असं आमचं रोजचं बोलणं. आमच्या गावाचं नाव तुमच्या कानावर कधी आलं नसेल. तुमचं नाव मात्र आमच्या घरात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस निघतंच. पॅरिसला रोलाँ गारोची टेनिस स्पर्धा सुरू होते, पहिल्या आठवड्यात एखादा बडा मानांकित खेळाडू गारद होतो आणि लगेच चर्चा रंगते : आता संधी कोणाला? ड्रॉ कोणासाठी मोकळा झाला? उरलेल्या मोठ्या नावांची यादी होते आणि एकेकाचं पारडं तोललं जातं. त्या यादीत एक नाव बहुतेक वेळा नसतं. ज्यानं त्या बड्याला हरवलं, त्याचं. त्याच्यासाठी ‘धक्कादायक विजय’ एवढे दोन शब्द पुरेसे मानले जातात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

३१ मे २००९ च्या संध्याकाळी आम्ही टीव्हीपुढे बसलो होतो ते राफाएल नदाल पाहायला. सलग चार विजेतेपदं आणि रोलाँ गारोवर ३१ पैकी ३१ सामने जिंकलेले. तुम्हाला २३ वं मानांकन होतं. कुठल्याही ग्रँड स्लॅममध्ये तुम्ही त्याआधी तिसऱ्या फेरीच्या पुढे गेला नव्हतात. महिनाभरापूर्वी रोमला, तसल्याच लाल मातीवर, याच नदालनं तुम्हाला ६-१, ६-० असं हरवलं होतं. सामना लवकर आटोपेल, मग जेवायला बसू, असा आमचा बेत होता.

त्या दिवशी तुम्ही जे केलं, ते मला नीट कळायला पुढची काही वर्षं लागली. मातीवर चेंडू पडला की त्याचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. नदालच्या फोरहँडला इतकी फिरकी असे की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत उडायचा. भले भले खेळाडू तो परतवताना मागे मागे सरकत आणि तिथेच सामना हरत. तुम्ही सव्वासहा फुटांहून उंच. इतरांच्या खांद्याशी येणारा चेंडू तुम्हाला छातीशी मिळत होता. तुम्ही मागे हटला नाहीत. चेंडू वर येताच सपाट, जोरकस फटके मारत राहिलात. दुसरा सेट टायब्रेकरमध्ये गेला, तेव्हा वाटलं, आता हे वादळ शमेल. तसं झालं नाही. ६-२, ६-७, ६-४, ७-६. बाबा जेवायचं विसरले होते. “हा पोरगा रोमहून काहीतरी शिकून आलाय,” एवढंच ते म्हणाले.

बाबा शेतकरी होते आणि तरुणपणी जत्रेतल्या दंगलीत कुस्त्या खेळलेले. टेनिसचे नियम त्यांना माझ्याइतके येत नसत, पण माती त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायची. आखाड्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून कशी मऊ राखतात, ते त्यांनीच मला सांगितलं. तुमच्या कोर्टाचं मी त्यांना वाचून दाखवलं होतं : सगळ्यात वर विटांच्या भुकटीचा जेमतेम दोन मिलिमीटरचा थर, खाली चुनखडी, त्याखाली कोळशाची जळकी खडी, तळाशी दगड. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे ही माती मुद्दाम केलेली. आपली रेगडी आपोआप झालेली.” इथल्या काळ्या मातीला तेलुगूत रेगडी म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘रेगूर’ हा शब्द तिथूनच आला.

तुमच्या विजयाच्या आदल्या दिवशी चौथा मानांकित जोकोविच कोलश्रायबरकडून तीन सेटमध्ये हरला होता. पुढे उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्या मानांकित मरेला गोन्झालेझनं घरी पाठवलं. पहिल्या चारांत उरला एकटा फेडरर. आधीच्या सलग तीन वर्षी तो याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नदालकडून हरला होता. २००८ ला तर तिसऱ्या सेटमध्ये त्याला एकही गेम मिळाला नव्हता. आता वाटेत नदाल नव्हता. जगभर एकच सूर होता : फेडररला रान मोकळं झालं.

रान मोकळं होणं म्हणजे काय, ते नदाल हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं. १ जूनला टॉमी हास फेडररवर दोन सेटची आघाडी घेऊन उभा होता. तिसऱ्या सेटमध्ये हास ४-३ नं पुढे, सर्व्हिस फेडररची आणि ब्रेकपॉइंट. तो गुण गेला असता तर हासनं सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस केली असती. फेडररनं बॅकहँडच्या कोपऱ्यातून तिरका फोरहँड मारला, तो रेषेच्या आत पडला आणि पुढचे सेट ६-४, ६-०, ६-२ असे त्याचे झाले. संधी चालून आलेल्या माणसाचा हातही कसा आखडतो, ते मी त्या दोन सेटमध्ये पाहिलं. समोर बलाढ्य प्रतिस्पर्धी असला की हरण्याला कारण असतं. तो निघून गेला की कारणही जातं आणि सगळा भार आपल्यावर येतो.

आणि तुम्ही? तुमच्यावर वेगळाच भार होता. नदालला हरवणारा माणूस पुढच्याच फेरीत ढेपाळतो का, हे पाहायला सगळे टपलेले. तुम्ही दाविदेंकोला ६-१, ६-३, ६-१ असं उडवलंत. उपांत्य फेरीत गोन्झालेझविरुद्ध पहिले दोन सेट घेतलेत, पुढचे दोन गमावलेत, पाचव्या सेटमध्ये १-४ नं मागे पडलात. त्याच सेटमध्ये चेंडूच्या खुणेवरून वाद झाला आणि गोन्झालेझनं वैतागून मातीवर बसून ती खूण पुसली. तुम्ही मात्र सलग पाच गेम जिंकून सेट ६-४ नं घेतलात. माझ्या दृष्टीनं त्या स्पर्धेतला तुमचा सर्वांत मोठा विजय हाच. नदालविरुद्ध तुमच्याकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. १-४ ला मात्र सगळं जग तुम्ही कोसळण्याची वाट पाहत होतं.

त्या दिवसांत इकडे आमचंही एक भाकीत कोलमडत होतं. २००९ मध्ये मान्सून केरळात २३ मेलाच दाखल झाला. लवकर आलेला पाऊस म्हणजे चांगलं साल, असं सगळ्यांना वाटलं. काहींनी तर मृगाआधीच धूळपेरणी केली, म्हणजे कोरड्या मातीत सरकी टाकली आणि आभाळाकडे डोळे लावले. पण मान्सून केरळात आल्यावर दोनच दिवसांनी बंगालच्या किनाऱ्यावर आयला वादळ धडकलं आणि मान्सूनची पुढची चाल रखडली. जूनमध्ये देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि सबंध हंगामात सुमारे २२ टक्के तूट राहिली. आमच्या वावरातली सरकी उगवली नाही. बाबांनी पुन्हा बियाणं आणलं, पुन्हा टोबलं. तीच माती, तेच हात. पहिल्या पेरणीत पैसा गेला होता आणि दुसरी उगवेलच याची हमी कोणी देत नव्हतं. तरी त्यांनी प्रत्येक ओळ पहिल्यासारखीच मन लावून टोबली. तेव्हापासून रोममधला ६-१, ६-० हा स्कोर मला तुमची वाया गेलेली पेरणी वाटतो आणि पॅरिस ही दुबार पेरणी.

७ जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर, तुमचा अंतिम सामना झाला. पॅरिसला पावसाची भुरभुर होती. इकडे आभाळ कोरडं. फेडररविरुद्ध तोवर खेळलेले नऊच्या नऊ सामने तुम्ही हरला होतात. पहिला सेट ६-१ असा गेला. दुसऱ्या सेटचा टायब्रेकर त्यानं चार बिनतोड सर्व्हिस मारून घेतला. ६-१, ७-६, ६-४. फेडररचं ते चौदावं ग्रँड स्लॅम, सॅम्प्रसच्या विक्रमाशी बरोबरी. करंडक द्यायला आगासी आले होते. सगळ्यांचे डोळे फेडररवर होते आणि ते योग्यच होतं. पण बाबा तुमच्याकडे पाहत होते. “पट्टीच्या मल्लाला पाडायचं, मग शेवटच्या कुस्तीला पुन्हा ताज्या दमानं उतरायचं, हे फार अवघड असतं बघ,” ते म्हणाले.

आज मागे वळून पाहिलं तर बाबांचं म्हणणं आकड्यांनीच खरं केलं आहे. रोलाँ गारोवर नदाल एकूण ११६ सामने खेळला, त्यातले ११२ त्यानं जिंकले. त्याला तिथे चारच वेळा हार पत्करावी लागली : २००९ ला तुमच्याकडून, २०१५ आणि २०२१ ला जोकोविचकडून आणि २०२४ ला पहिल्याच फेरीत झ्वेरेवकडून. चारही वेळा त्याला हरवणारा पुढे अंतिम फेरीत पोहोचला. म्हणजे तो निकाल लागला तेव्हा खरा दावेदार समोरच उभा होता आणि आपण ड्रॉमध्ये भलतीच नावं शोधत होतो. पण त्या चारांतून करंडक एकदाच मिळाला, २०२१ ला. तुम्ही फेडररकडून हरलात, २०१५ ला जोकोविच वावरिंकाकडून, २०२४ ला झ्वेरेव अल्काराझकडून पाच सेटमध्ये. बड्याला हरवणाऱ्याचा दावा पक्का असतो आणि तरीही अपुरा असतो, या दोन्ही गोष्टी मला तुमच्यामुळे कळल्या.

२०१५ चा वावरिंका मला खास आठवतो, कारण त्याच्या मागे मॅग्नस नॉर्मन होते, तुमचे २००९ चे प्रशिक्षक. ते स्वतः २००० साली याच मातीवर अंतिम सामन्यात कुएर्तेनकडून हरले होते. २००९ आणि २०१० अशी दोन वर्षं तुमच्या साथीनं ते त्या सामन्यापर्यंत पुन्हा आले आणि दोन्ही वेळा हात रिकामे राहिले. २०१५ ला त्यांच्या शिष्यानं अखेर तो करंडक उचलला, तोही त्या वर्षी नदालला हरवून आलेल्या जोकोविचला नमवून. एकाच वावरात चौथ्यांदा पेरणारा माणूस मी पाहिला आहे. म्हणून तो क्षण मला परका वाटला नाही.

२०१० ला तुम्ही उपांत्यपूर्व फेरीत फेडररला हरवून त्याची सलग २३ ग्रँड स्लॅम उपांत्य फेऱ्यांची मालिका खंडित केलीत आणि मग अंतिम सामन्यात नदालकडून हरलात. २०११ च्या जुलैत बोस्टाडच्या स्पर्धेत फेरेरला नमवून विजेते झालात. त्यानंतर ग्रंथींच्या तापानं तुम्हाला गाठलं आणि फेरेरविरुद्धचा तो सामनाच तुमचा शेवटचा स्पर्धात्मक सामना ठरला. तेव्हा तुमचं वय सत्तावीसही नव्हतं. पुढे तुम्ही त्या काळातल्या चिंतेबद्दल, मनावरच्या ताणाबद्दल मोकळेपणानं बोललात. ते वाचताना मला २००९ ची ती आठवण बोचली. त्या आठवड्यात तुमच्या संधीचा हिशेब किती जणांनी मांडला, पण तुम्ही काय पेलत आहात, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

बाबा आता नाहीत. वावर मी करतो. यंदा पुन्हा मे संपेल, लाल मातीवर कुणीतरी मोठा पडेल आणि गावातली टेनिसवेडी पोरं मला विचारतील, आता कोणाला संधी? मी त्यांना आधी एवढंच विचारीन, की पाडलं कोणी, महिनाभरापूर्वी तो कोणाकडून आणि कसा हरला होता, आणि परवाच्या सामन्याला तो पुन्हा पहिल्या गुणापासून सुरुवात करू शकेल का. हे तिन्ही प्रश्न तुम्ही शिकवलेत.

तुमची प्रकृती चांगली राहो.

आपला,
आदिलाबादचा एक कापूस उत्पादक